खिळे, गूळ आणि बाबांच्या हाडातलं शिसं

बाबांचं खुब्याचं हाड मोडलं त्याला आता सात महिने झाले. बाथरूममध्ये नाही, पावसात नाही, चक्क हॉलमध्ये, टीव्हीचा रिमोट घ्यायला उठले आणि पाय वळला, बस एवढंच. ऑर्थोचे डॉक्टर एक्स-रे बघून म्हणाले हाडं फारच ठिसूळ झालीत हो यांची, आधी काय काम करायचे? मी म्हटलं कंपोझिटर होते. डॉक्टर तरुण, त्यांना वाटलं कॉम्प्युटरवरचं काहीतरी असेल. "खिळे जुळवायचो," बाबा स्ट्रेचरवरूनच म्हणाले. त्यातून डॉक्टरांना काही बोध झाला नाही, पण माझ्या डोक्यात मात्र खट्कन काहीतरी झालं. मी डीएमएलटी केलेली बाई, बावीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांची रक्तं काढतेय, आणि इतक्या वर्षांत बाबांच्या रक्तातलं शिसं एकदा तरी बघावं हे मला सुचलंच नव्हतं.

ज्यांनी जुना छापखाना पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. ऑफसेट आणि डीटीपी यायच्या आधी प्रत्येक अक्षराचा धातूचा एक छोटा तुकडा असायचा, त्याला खिळा म्हणायचे. लाकडी केस, केसमध्ये बारीक बारीक खण, एकेका खणात एकेक अक्षर. त्यात आपली मराठी म्हणजे काना वेगळा, वेलांटी वेगळी, जोडाक्षरं वेगळी, त्यामुळे इंग्रजीपेक्षा पसारा कितीतरी मोठा. बाबा दिवसभर उभे, डाव्या हातात स्टिक, म्हणजे खिळे ओळीने लावायची पट्टी, आणि उजव्या हाताने न बघता खिळे उचलायचे, आणि उलटी अक्षरं आपण सुलटी वाचतो त्याच स्पीडने वाचायचे. लग्नपत्रिका, निवडणुकीची हँडबिलं, शाळेचे पेपर, दहाव्याची कार्डं. छपाई झाली की खिळे रॉकेलने पुसायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. या खिळ्यात सगळ्यात जास्त शिसं, मग कडक व्हायला अँटिमनी, आणि थोडं कथील. १९६८ ते १९९२, चोवीस वर्षं हे चाललं.

मला सगळ्यात जास्त आठवतो तो बाबांचा उजवा अंगठा. कितीही साबण लावला तरी रेषांमध्ये राखाडी काळपट राहायचंच. त्याच अंगठ्याने डाव्या तळहातावर तंबाखू मळायची, चुना लावायचा, दोन थापट्या मारायच्या आणि ओठाखाली. दिवसातून दहा-बारा वेळा तरी. म्हणजे शिसं काही हवेतून उडून अंगात गेलं नसणार, बाबा ते स्वतःच चिमटीने तोंडात टाकत होते. वर तंबाखूचं पान जमिनीतलं कॅडमियम ओढून घेण्यात एक नंबर, तो अजून एक जड धातू, मूत्रपिंडात गेला की दहा-दहा, वीस-वीस वर्षं हलत नाही. तंबाखू म्हटलं की सगळ्यांना फक्त कॅन्सर आठवतो, हा हिशोब कोणी धरतच नाही.

आणि गूळ! मालक रोज संध्याकाळी सगळ्यांना गुळाचा खडा द्यायचे, गूळ खाल्ला की शिसं उतरतं म्हणे. बाबांचा अजूनही त्यावर ठाम विश्वास आहे. मी खूप वाद घातलाय, पण एक गोष्ट मान्य करायला पाहिजे, की ज्याने ही पद्धत पाडली त्याला धोका आहे एवढं तरी कळलं होतं. गुळाने शिसं उतरत बितरत नाही. पण पोटात अन्न असलं तर शिसं कमी शोषलं जातं, आणि कॅल्शियम, लोह व्यवस्थित असलं तरी कमी शोषलं जातं, हे खरं आहे, कारण आतड्यात लोहाला आत घ्यायचं जे दार आहे त्याच दारातून शिसंही घुसतं. लोह कमी पडलं की शरीर ते दार सताड उघडतं आणि मग जो येईल तो आत. आपल्याकडे हे फार गंभीर आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये ६७ टक्के ॲनिमिक निघाली होती. वर लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी जवळजवळ निम्मं शोषून घेऊ शकतं, मोठ्या माणसात तेच दहा टक्क्यांच्या आसपास असतं.

असो, तर बाबांचं रक्त काढलं. शिशासाठी निळ्या बुचाची वेगळी ट्यूब लागते, कारण साध्या ट्यूबमध्येच धातूचा अंश असू शकतो. सँपल मुंबईला गेलं आणि चार दिवसांनी रिपोर्ट आला, ९.४ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटर. छापखाना सोडून तेहेतीस वर्षं झालेल्या माणसाच्या रक्तात! आणि बाजूला छापलेली रेंज काय तर दहाच्या आत, म्हणजे बाबा "नॉर्मल". बाबा खूश, बघ गुळाची कमाल म्हणाले.

आता या दहाच्या आकड्याची गंमत बघा. अमेरिकेत लहान मुलांसाठी साठच्या दशकात ६० पर्यंत चालतंय म्हणायचे. १९८५ ला तो २५ झाला, १९९१ ला १०, २०१२ ला ५, आणि २०२१ पासून ३.५. मुलं तीच, शिसं तेच, फक्त जसजसं बारकाईने बघायला लागले तसतसं खाली खाली नुकसान दिसत गेलं. जागतिक आरोग्य संघटना तर सरळ म्हणते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही. आणि ३.५ म्हणजे किती? सहा वर्षांच्या मुलाच्या अंगात दीड-पावणेदोन लिटर रक्त असतं, त्या सगळ्या रक्तातलं मिळून शिसं साधारण मिठाच्या एका कणाएवढं भरेल. एका कणाएवढं! बाबांच्या अंगठ्याच्या रेषेत त्याच्या कितीतरी पट असणार.

एवढंसं शिसं करतं काय, हे मला कॉलेजात शिकवलं होतं पण खरं डोक्यात शिरलं ते आत्ता. शिशाची अडचण अशी की ते दुसऱ्याच्या नावावर आत येतं. सेलला, म्हणजे आपल्या पेशीला, ते कॅल्शियमसारखं वाटतं. आणि कॅल्शियम म्हणजे फक्त हाडं नव्हेत, सेलच्या आत कॅल्शियम हे दारावरच्या बेलसारखं आहे. आपली टी सेल, म्हणजे जंतूंशी लढणारी पांढरी पेशी, जेव्हा एखादा जंतू ओळखते तेव्हा तिच्यात बाहेरून कॅल्शियम भसकन आत शिरतं, ती बेल वाजली की मग पुढची सगळी यंत्रणा उठते, वाढायचं, केमिकल सोडायची, बाकीच्यांना बोलवायचं. कॅल्शियम ऐकून काम करणारं प्रोटीन कायनेज सी नावाचं एक एन्झाइम आहे, ते शिशाच्या इतक्या बारीक प्रमाणाने चालू होतं की कॅल्शियम त्याच्यापुढे हजारो पटींनी जास्त लागतं, हे १९८८ साली दाखवलं गेलंय. म्हणजे भलताच माणूस येऊन बेल दाबतोय, घरातले उठून दार उघडतायत, बाहेर कोणी नाही, आणि खरा पाहुणा येतो तेव्हा घरात गोंधळ.

दुसरीकडे ते झिंकच्या खुर्चीत बसतं. हिमोग्लोबिन बनवायच्या रस्त्यावर अलाड नावाचं एन्झाइम आहे, त्याला झिंक लागतं, शिसं झिंकला ढकलून तिथे बसलं की एन्झाइम ढिम्म. हे तर १० च्या खालीसुद्धा होतं. शिसं खूप जास्त असलं तर लाल पेशींमध्ये निळे निळे ठिपके दिसतात, लीशमन स्टेन करून स्लाइड बघताना मी आयुष्यात दोनदा पाहिलेत, दोन्ही वेळा बॅटरी फोडण्याचं काम करणारी माणसं होती. बाबांची स्लाइड मी स्वतः लावली आणि पंधरा मिनिटं बघत बसले. एक ठिपका नाही, स्लाइड एकदम स्वच्छ. कमी डोसचं हेच तर आहे, स्लाइडवर दिसत नाही, सीबीसीत, म्हणजे रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत, दिसत नाही, माणसाला काही जाणवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सेलमध्ये ग्लुटाथायोन नावाचा एक सफाई कामगार असतो, त्याच्या गंधकाला शिसं, पारा, कॅडमियम सगळेच चिकटतात, मग रोजचा कचरा उचलायला माणूसच कमी पडतो आणि सेल आतल्या आत गंजत राहते.

आता इम्युनिटी. कोविडपासून हा शब्द इतका झिजलाय की बोलायलाच नको. लोकांना वाटतं इम्युनिटी म्हणजे मोबाइलची बॅटरी, कमी झाली की काढा पिऊन चार्ज करायची. पण जड धातू बॅटरी उतरवतात असं नुसतं नाहीये, ते फौजेला चुकीच्या दिशेला तोंड करून उभं करतात. आपल्या टी सेलमध्ये ढोबळमानाने दोन गट धरा, एक व्हायरस, टीबी वगैरे सेलच्या आत लपणाऱ्यांच्या मागे लागणारा, आणि दुसरा जंत आणि ॲलर्जीवाला. शिसं थोडंसं असलं तरी तराजू दुसऱ्या गटाकडे झुकतो, पहिल्याचा आवाज बारीक होतो. प्राण्यांमध्ये आणि लॅबमधल्या सेलमध्ये हे परत परत दिसलंय, आणि माणसांतही काही अभ्यासांत शिसं जास्त असलेल्या मुलांमध्ये आयजीई, म्हणजे ॲलर्जीची अँटिबॉडी, वाढलेली सापडलीय. म्हणजे एकाच मुलाला शिंकाही जास्त आणि इन्फेक्शनही जास्त, आणि आई म्हणणार इम्युनिटी कमी आहे हो याची.

यातला सगळ्यात भन्नाट प्रयोग १९६६ चा आहे. हान्स सेल्ये, तेच ते मॉन्ट्रियलचे, ज्यांच्यामुळे "स्ट्रेस" हा शब्द घराघरात गेला. त्यांच्या टीमने उंदरांना शिरेतून शिशाचा एक डोस दिला, जो एकटा त्यांना काही करत नव्हता, आणि सोबत जिवाणूंचं विष दिलं, जे तेवढ्याने एरवी त्यांना काही करत नव्हतं. दोन्ही एकत्र आले आणि उंदीर मेले. हिशोब केला तर शिशामुळे ते त्या विषाला सुमारे एक लाख पट नाजूक झाले होते. मग १९७१ मध्ये दुसऱ्यांनी उंदरांना महिनाभर शिसं देऊन साल्मोनेला टोचला, तिथेही शिसंवाले उंदीर जास्त मेले, आणि शिशामुळे म्हणून वेगळं काही त्यांच्या अंगावर दिसत नव्हतं. हे डोस आपल्या ९.४ शी ताडून बघायचे नाहीत हे मला कळतं, इंजेक्शन कुठे आणि चिमटीतली तंबाखू कुठे. पण "शिशाने त्रास होत नाहीये" आणि "शिसं काही करत नाहीये" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं त्यावरून नक्की कळतं.

माणसांमधलं म्हणाल तर चीनमध्ये ग्वेयू म्हणून एक गाव आहे, जगभरचा ई-कचरा तिथे यायचा आणि घराघरात सर्किट बोर्ड भाजून धातू काढायचे. तिथली बालवाडीतली मुलं तपासली तर ज्यांच्या रक्तात शिसं जास्त त्यांच्यात हिपॅटायटिस बी च्या लसीची अँटिबॉडी कमी. लस दिलीय, कार्डावर शिक्का आहे, आणि अंगात पुरेसं काही उतरलेलं नाही. मला हे वाचून खरंच कसंतरी झालं, कारण आम्ही लॅबवाले अँटिबॉडी कमी आली की लसीची बॅच, कोल्ड चेन सगळ्याला दोष देतो, शिसं कोणाच्या गावीही नसतं.

पाऱ्याची गोष्ट अजून वेगळी. तिथे फौज कमी पडत नाही, घरावरच उलटते. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २३ मध्ये मेम्ब्रेनस नेफ्रोपथीचे २२ पेशंट बघितले, म्हणजे आपल्याच अँटिबॉडी किडनीच्या गाळणीवर जाऊन बसतात आणि लघवीतून प्रोटीन वाहून जातं. त्यातले १५ नेल-१ नावाच्या एरवी कमी दिसणाऱ्या प्रकारचे निघाले, आणि या १५ पैकी १३ जण गोरं करायची क्रीम लावत होते. पारा मेलॅनिन बनू देत नाही म्हणून चेहरा खरंच उजळतो, तेवढ्यासाठी तो घालतात. आपल्या नियमाप्रमाणे असल्या क्रीममध्ये चुकून आलेला पारा एक पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात एका भागाच्या, वर नको, पण लेबलच नसलेल्या डबीला नियम कोण दाखवणार? आमच्या लॅबमध्येही एक मुलगी यायची, लग्न ठरलेलं, लघवीला फेस येतो म्हणून. प्रोटीन चार प्लस. चेहरा इतका नितळ की मी तिला विचारलंसुद्धा, काय लावतेस गं? हसली, "ताई, पार्लरवाल्या काकू डबीत भरून देतात." त्या वेळी मी नुसती हसले. केरळचं वाचलं आणि ती हसणारी मुलगी आठवून मला दोन दिवस झोप लागली नाही.

परत बाबांकडे येते. तेहेतीस वर्षांनी शिसं आलं कुठून? तर हाडातून. रक्तात शिसं टिकतं साधारण महिनाभर, पण मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडात जाऊन बसतं, कॅल्शियमच्याच नावावर, आणि तिथे त्याचं निम्मं व्हायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. एफडीच म्हणा की. म्हातारपणी हाडं झिजायला लागली, किंवा फ्रॅक्चर होऊन माणूस महिनाभर पडून राहिला, की ती एफडी मोडते आणि शिसं परत रक्तात. बायकांमध्ये पाळी गेल्यावर हेच होतं, आणि गरोदरपणात तर हाडातलं शिसं बाळाच्या वाट्याला जातं. म्हणून मी माझंही तपासलं, ३.८. मी काही खिळे जुळवले नाहीत, पण बाबा त्याच शर्टने घरी यायचे, मला कडेवर घ्यायचे, आणि खिशात माझ्यासाठी खेळायला खिळे आणायचे. मी "र" दाताने चावून बघितल्याचं मला लख्ख आठवतंय, मऊ लागायचा. लेकीचं २.१ आलं. ती नऊ वर्षांची आहे, खिळा तिने पाहिलेलाही नाही. कदाचित माझ्यातून गेलं असेल, कदाचित आजच्या घरातून, रक्ताच्या आकड्यावर पत्ता लिहिलेला नसतो.

बाबांना गेल्या वर्षी नागीण झाली होती, दोन हिवाळे छातीत कफ, न्यूमोनिया. हे शिशामुळे झालं असं मी म्हणत नाहीये. पंचाहत्तरीचा तंबाखू खाणारा माणूस, शंभर कारणं आहेत. हजार माणसं एकत्र बघितली तर शिशाचा वाटा दिसतो, एकट्या बाबांकडे बोट दाखवून तो दाखवता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच याची कधी बातमी होत नाही.

मग घरात शोधायला लागले. पेट्रोलमधलं शिसं आपल्याकडे २००० साली गेलं. रंगांना २०१७ च्या नोव्हेंबरपासून ९० पीपीएमची मर्यादा आहे, पण आमचं घर १९८४ चं, खिडक्यांचा रंग पोपडे होऊन पडतो तो तेव्हाचाच. हळद आई सांगलीची अख्खी आणून कांडून घेते, तर ती निश्चिंत. सुटी, भडक पिवळी पूड मात्र मी बंद केली, कारण रंग येण्यासाठी लेड क्रोमेट चोळायचा प्रकार बांगलादेशात इतका होता की २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं निघालं. त्यांनी बातम्या दिल्या, धाडी टाकल्या, दंड केले, आणि २०२१ पर्यंत ते शून्यावर आणलं. दोन वर्षांत! आपल्याकडे पाटण्याच्या काही नमुन्यांत एका ग्रॅमला हजार मायक्रोग्रॅमच्या वर सापडलंय आणि आपली मर्यादा आहे दहा. मग देवघर. पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइडच, हे सांगितल्यावर आई माझ्याकडे अशी बघायला लागली जसं काही मीच मारुतीच्या वाटेला गेलेय. शेवटी तह झाला. शनिवारी मारुतीला शेंदूर लागणार, पण लावणारे बाबा नाहीत, लेक तर नाहीच, आई लावणार आणि तिथून थेट बेसिनवर.

हे कळल्यावर कोणाकोणाचे मेसेज आले म्हणता! पायाला लावायचे डिटॉक्स पॅच, कोथिंबिरीचा रस, आणि एकाने तर भस्म सुचवलं, म्हणजे धातू काढायला धातू. शिसं काढायची खरी औषधं आहेत, पण मुलांमध्ये ती ४५ च्या पुढे देतात. २० ते ४४ वाल्या ७८० मुलांवर अमेरिकेत ती देऊन बघितली, २००१ मध्ये निकाल आला, रक्तातला आकडा उतरला पण बुद्धीच्या चाचण्यांत काडीचा फरक नाही. आमच्या आकड्यांना तर प्रश्नच नाही. बाबांना कॅल्शियम, डी व्हिटॅमिन, चालणं, लेकीला लोहाचं सिरप, आणि घरात झाडूऐवजी ओलं पुसणं, बस.

आता प्रश्न उरलाय पेटीचा. छापखाना बंद झाला तेव्हा बाबांनी मालकांकडून आठवण म्हणून एक केस भरून खिळे मागून आणले होते, ते पत्र्याच्या पेटीत माळ्यावर होते, अकरा किलो. मी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने एक खिळा नखाने खरवडून बघितला, डोळे चमकले, भाव सांगितला, चांगला होता. मी सहज विचारलं, याचं पुढे काय करता? तर म्हणाला, काही नाही ताई, घरामागे चुलीवर कढई ठेवतो, वितळवून लाद्या पाडतो. घरी कोण कोण असतं विचारलं, तर दोन पोरं.

पेटी परत माळ्यावर ठेवलीय, कुलूप लावून. ई-कचरावाल्यांना फोन केला, ते म्हणाले हे आमच्यात बसत नाही. कोणाला रीतसर परवाना असलेला शिसं रिसायकल करणारा माहीत असेल तर कळवा, अकरा किलोसाठी तो येईल की नाही देव जाणे. बाबांना सांगितलंय की "र" तेवढा काढून ठेवलाय, काचेच्या बाटलीत, झाकण घट्ट लावून. त्यांनी बाटली उजेडाकडे धरली, चष्मा न लावता बघितली आणि म्हणाले, "हा र नाहीये गं, हा उलटा बसलाय, नीट बघ, स आहे."